चमकते, पण कापत नाही: एका चामडी चाकाचं प्रकरण

"दादा, आरशासारखी चमकतेय, पण कापत नाहीये," असं म्हणत आमच्यातल्या एकाने २० मिमीची पटाशी माझ्या हातात दिली. तिच्या धारेकडच्या तिरक्या उतारात मला माझं नाक दिसत होतं. समोर व्हाइसमध्ये पाइनचा तुकडा उभा लावलेला, आणि त्याच्या आडव्या छेदावर या पटाशीने केलेली कामगिरी. तंतू कापले नव्हते, चेपले होते. पांढुरके खरखरीत ठिपके, अधूनमधून मुळापासून उपटलेले तंतू. पाइन मऊ म्हणून सोपं असं नवख्या माणसाला वाटतं. खरं तर धार तपासायला मऊ लाकडाच्या आडव्या छेदासारखी कडक परीक्षा नाही. तिथले तंतू कापले जाण्याआधी वाकतात, आणि धारेत जराही खोट असली तर वाकून पडतात.

मी तीच पटाशी पुन्हा दगडावर धरली, घासताना टोकाला उलटलेली पोलादाची बारीक तार लाकडाच्या कडेवर ओढून काढली आणि चामड्याला न लावता तशीच चालवली. काप गुळगुळीत नव्हता, दगडाचे ओरखडे दिसत होते, पण तंतू कापले जात होते. मग चामडी चाकावर सात-आठ वेळा फिरवली. चमक आली, काप गेला.

म्हणजे ज्या चाकाने धारेला शेवटचा हात द्यायचा, तेच ती बिघडवत होतं. हे प्रकरण त्या चाकाचं.

यंत्र आणि त्याचा इतिहास

यंत्र नेहमीचंच, सावकाश फिरणारं, पाण्यातल्या दगडाचं. एका बाजूला २५० मिमी व्यासाचा दगड, खाली पाण्याची पन्हळ, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला २२० मिमी व्यासाचं, साधारण ३० मिमी रुंद, चामडं चढवलेलं चाक. मिनिटाला ९० फेरे. हिशेब केला तर चामड्याचा पृष्ठभाग सेकंदाला एक मीटरहून किंचित जास्त सरकतो. इतक्या गतीत पोलाद तापत नाही, हा या यंत्राचा मोठा गुण. हजारोंनी फेरे घेणाऱ्या बफावर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, पातळ धार क्षणात निळी पडू शकते. इथे ती भीती नाही. आणि भीती नाही म्हणूनच माणूस निष्काळजी होतो, हेही तितकंच खरं.

चाक तीन वर्षं वापरात होतं. ते वापरणाऱ्या आम्हा तिघांच्या पटाश्या, रंध्यांची पाती आणि नक्षीकामाच्या काही गोल पटाश्या, सगळं त्याच्यावरच. देखभालीचा एकच नियम कोणीतरी कधीतरी घालून दिला होता आणि तो सगळे इमानाने पाळत होते: चामडं कोरडं पडू द्यायचं नाही. यंत्राशेजारी हलक्या मशीन तेलाची बाटली कायम उभी. जो येईल तो चार थेंब सोडायचा. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. कोरडं चामडं कडक होतं, पेस्ट धरत नाही, हे खरंच आहे. फक्त तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की तेल घालणारा आपण एकटाच.

आणखी एक तक्रार जुनी होती. जोर दिला की चाक मध्येच थबकायचं. "मोटर अशक्त झालीय" असं म्हणून ती बाजूला पडली होती. तिच्याकडे पुढे येतो.

चामडं नक्की काय करतं

चामडं धार लावत नाही. धार लावते ती त्यात रुतलेली पेस्ट, म्हणजे मेणात किंवा चरबीत कालवलेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा क्रोमियम ऑक्साइडची अतिबारीक पूड. तिचे कण साधारणपणे दोन-तीन मायक्रॉनचे किंवा त्याहूनही बारीक असतात. चामड्याचं काम ते कण धरून ठेवणं आणि धारेखाली किंचित दबणं. दगडावरून आलेल्या धारेच्या टोकाला पोलादाची जी बारीक तार उलटलेली असते, ज्याला सगळे बर म्हणतात, ती हे कण झिजवून काढतात आणि दगडाचे ओरखडे पुसतात.

आता हे "किंचित" म्हणजे किती, हा कळीचा मुद्दा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. गोल दगडावर घासलेला उतार सपाट नसतो, दगडाची गोलाई त्यात खोलगट होऊन उतरते. ४.५ मिमी जाडीची पटाशी २५ अंशांवर घासली तर उताराची लांबी साडेदहा मिलिमीटरच्या आसपास येते, आणि त्या लांबीत मधला खोलगटपणा ०.११ मिमी भरतो. चामडी चाक दगडापेक्षा थोडंच लहान. त्यामुळे ते या खोलगट भागात जवळजवळ चपखल बसतं. दोन गोलाईंमधला फरक काढला तर तो ०.०१५ मिमी निघतो, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. कोन बरोबर धरला असेल तर पूर्ण उताराला, अगदी टोकापर्यंत, टेकायला चामड्याला इतकंच दबावं लागतं.

म्हणजे चामडं मऊ असायला हवं हा समज निदान या कामापुरता उलटा आहे. ते कडकच हवं, जेमतेम दबणारं. ते अर्धा मिलिमीटर दबू लागलं की वेगळंच घडतं. पटाशी चामड्यात रुतते, आणि चामडं धारेच्या टोकापलीकडे सुटताक्षणी वर उसळतं. त्या उसळीत टोकाचा शेवटचा भाग गोल घासला जातो. उतार २५ अंशांचाच दिसतो, पण कापणारं टोक ३५ अंशांचं, बोथट, आणि वर पॉलिश केलेलं. आरशासारखी चमकणारी बोथट धार तयार होते ती अशी.

हे सगळं मी आज नीट मांडतोय. त्या दिवशी मात्र मी चूक केली.

आधी केलेला उलटा उपचार

चाकावर मला मधोमध काळा, चकचकीत पट्टा दिसला. नख मारलं तर घसरलं. "पेस्ट सुकलीय," असं मी ठरवून टाकलं. तेल सोडलं, वर भरपूर पेस्ट लावली, चाक फिरवून पसरवली. त्या दिवशी सगळ्या पटाश्या झकास चालल्या. मी खूश. दोन-तीन दिवसांत तक्रार परत आली, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त.

कारण मागाहून लक्षात आलं. नव्या पेस्टमधले कण काही काळ कापतात, त्यामुळे फरक पडल्यासारखं वाटतं. पण खालचा टणक थर तसाच राहतो, आणि ओतलेलं तेल त्याच्या कडांनी चामड्यात मुरत जातं. उपचाराने लक्षण झाकलं जातं, दुखणं वाढतं. कोणत्याही यंत्राच्या बाबतीत पहिल्या दिवशी मिळालेल्या सुधारणेवर विश्वास ठेवू नये, निदान चार दिवस बघावं, एवढं मी तेव्हापासून शिकलो. तरी पुढच्या यंत्राच्या वेळी पुन्हा तीच घाई करीन अशी मला दाट शंका आहे.

तपासणी

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा आधी हाताला संशयातून काढलं. तिघंही मोकळ्या हाताने धार चढवत होते, आणि मूठ दोन-चार अंश वर उचलली गेली तरी टोक गोल होतं. म्हणून पटाशी ठरलेल्या कोनात धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये आवळली, उतारावर मार्करने काळी शाई फासली आणि चाक हाताने अर्धा फेरा फिरवलं. शाई उताराच्या पूर्ण लांबीवरून पुसली गेली. म्हणजे कोन बरोबर होता. तसंच मोटर लावून सात-आठ वेळा फिरवली. टोक तरीही गोल झालं. दोष हाताचा नव्हता.

टोक गोल झालंय हे डोळ्यांनी कसं बघायचं, ते सांगतो, कारण ही युक्ती बिनखर्चाची आहे. खोलीत एकच दिवा ठेवायचा. पटाशी त्याच्याखाली धरून उताराची लकाकी डोळ्यात येईल अशी हळूहळू फिरवायची. उतार नीट असेल तर तो टोकापर्यंत लकाकतो आणि सगळा बरोबरच विझतो. आमच्या पटाशीत लकाकी दोनदा आली. आधी सगळा उतार उजळला आणि विझला. मग मनगट आणखी थोडं वळवल्यावर अगदी टोकाशी केसाएवढी एक रेघ एकटीच चमकली. ती रेघ म्हणजे दुसरा उतार, कोणी मुद्दाम न केलेला.

दुसरी चाचणी लाकडावर. पटाशी उतार खाली करून सपाट लाकडावर ठेवायची, पुढे ढकलत ढकलत मूठ सावकाश वर न्यायची. ज्या कोनाला ती घसरायची थांबून चावते, तोच टोकाचा खरा कोन, थोडाफार इकडेतिकडे. २५ अंशांवर घासलेली पटाशी सव्वीस-सत्ताविसाला चावायला हवी. आमची चावली पस्तिशीच्या आसपास.

मग भिंग. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पॉलिश झालेल्या भागात मधूनच एकेकटे, लांब, खोल ओरखडे दिसले. हे पेस्टचं काम नाही. पेस्टचे कण एवढे खोल ओरबाडतच नाहीत. हा दगडाचा चुरा होता. दगडावरून ओली पटाशी थेट चामड्यावर नेण्याची सवय तिघांनाही होती, आणि दगडाचा पोत बदलायला वापरतात त्या ठोकळ्याचा जाड गाळही त्यासोबत जात होता.

शेवटी चाकाचीच पाहणी. यंत्र बंद करून, चाक उतरवून, उजेडात.

मधला साधारण १५ मिमीचा पट्टा काचेसारखा टणक. दोन्ही कडांना मात्र नख दाबलं की खळगा पडून तसाच राहत होता, आणि खळग्यात तेलाचा ओलसर थेंब जमायचा. एकाच चाकावर कडकपणा आणि मऊपणा असे दोन्ही टोकांचे दोष शेजारीशेजारी नांदत होते. अर्थही सरळ होता. पटाश्या सवयीने मध्यावर चालतात, म्हणून तिथे पेस्ट आणि पोलादाचा कीस दाबला जाऊन पापुद्रा बनला होता. पापुद्र्यातून तेल आत जात नाही. ते वाहून कडांना जायचं. जितकं तेल घालावं तितक्या कडा सुजत गेल्या आणि मधला भाग कोरडाच राहिला.

आणि सांधा. चामड्याची पट्टी चाकाभोवती गुंडाळून तिची दोन टोकं तिरकी तासून एकावर एक चिकटवलेली असतात. तिथे वरचं टोक उचललं गेलं होतं. डायल गेज, म्हणजे बारीक उंचसखलपणा काट्यावर दाखवणारं मापक, लावलं तर सांध्यापाशी काटा ०.४ मिमी उडत होता. चाक चालू असताना एक बारीक "टक्" ऐकू यायचं, दोन सेकंदांत तीनदा. मिनिटाला ९० फेऱ्यांचा हिशेब तोच. हा आवाज महिनोन्‌महिने होत होता, आणि आमच्या कानांना तो यंत्राचाच स्वभाव वाटू लागला होता. तेलाने बहुतेक चिकटद्रव्यं सैल पडतात, तेव्हा याचंही कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

उरली ती "अशक्त" मोटर. या यंत्रात मोटरचा दांडा चामडी चाकाच्या आतल्या रबरी कड्यावर टेकलेला असतो आणि घर्षणाने ते फिरवतो. चामड्यातून झिरपलेलं तेल त्या कड्यावर पोचलं होतं. मोटर फिरत होती, चाक घसरत होतं. आणि चाक घसरतं म्हणून माणसं आणखी जोर लावत होती, त्याने पटाशी मऊ चामड्यात आणखी रुतत होती. मोटर बदलायचा विचार दोनदा झाला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खरवडणं

पहिलं काम पापुद्रा काढणं. हे चाक चालू ठेवून करायचं नाही, स्क्रॅपर चामड्यात शिरला तर पट्टी फाडूनच बाहेर येतो. चाक मांडीवर घेतलं, सपाट स्क्रॅपर पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात उभा धरला आणि हलक्या हाताने ओढत गेलो. सुरुवातीला काही निघेना. मग एका जागी थर सुटला आणि त्यानंतर काळी, मेणचट, कोळशासारखी चुरचुरीत पापुद्र्याची सालपटं निघू लागली. एका कागदावर ती गोळा केली. सहज म्हणून कागदाखालून चुंबक फिरवलं, तर सालपटं त्याच्यामागे सरपटत गेली. पेस्टमधल्या ऑक्साइडांना चुंबक ओढत नाही. म्हणजे आम्ही ज्याला सुकलेली पेस्ट समजत होतो त्यात पोलादाचा कीस ठासून भरला होता. तिथे उभा असलेला आमचा पोरगा म्हणाला, "म्हणजे आपण पटाशी पटाशीवरच घासत होतो?" अगदी तसं नाही, पण फार चूकही नाही.

खरवडताना थांबायचं कुठे? खाली चामड्याचा तपकिरी रंग ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागला की. सगळं काळं घालवायच्या नादी लागू नये. रंध्रांत मुरलेला काळेपणा निरुपद्रवी असतो, आणि त्याच्यामागे लागलं तर चामडंच संपतं. पितळी तारांचा ब्रश मी शेवटी दोन हात फिरवला, तोही रंध्रं मोकळी व्हावीत म्हणून.

मग कडांतलं तेल. उन्हात ठेवू का, ड्रायरने गरम करू का, असे सल्ले आले. दोन्ही टाळले. उष्णतेने चामडं आकसतं, कडक होऊन तडकतं, आणि उरलंसुरलं चिकटद्रव्यही सुटतं. त्याऐवजी कडांवर खडूची बारीक पूड जाड थराने पसरली, वरून टिपकागद गुंडाळला, दोऱ्याने घट्ट बांधला आणि चाक आडवं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी कागद पारदर्शक झालेला आणि पूड ओल्या मातीसारखी लोण्याच्या रंगाची. झटकलं, पुन्हा कोरडी पूड, पुन्हा कागद. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी कागद जवळजवळ कोरडा निघाला. एक कड सुधारली. दुसऱ्या, बाहेरच्या कडेला साधारण चार मिलिमीटरची पट्टी मऊच राहिली, नख अजूनही तिथे खळगा पाडत होतं.

रबरी कडं स्पिरिटच्या कापडाने दोनदा पुसलं आणि बारीक सँडपेपरने वरची लकाकी घालवली. पाच मिनिटांचं काम. घसरणं तेव्हाच थांबलं.

सांधा

उचललेल्या टोकाखालचं जुनं चिकटद्रव्य खरवडून काढलं. दोन्ही तिरक्या भागांवरून स्पिरिटचं कापड फिरवलं, कारण तेलकट चामड्यावर कोणतंही चिकटद्रव्य टिकत नाही. मग दोन्हीकडे कॉन्टॅक्ट चिकटद्रव्याचा पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबणं, आणि एकदाच नेमका दाब. या चिकटद्रव्याला दुसरी संधी नसते, सरकवून बसवू म्हटलं तर ते जमत नाही. वर गुळगुळीत लाकडाचा ठोकळा ठेवून क्लॅम्प लावला आणि रात्रभर ठेवलं.

इथे एक गोष्ट लक्षात आली जी आधी कोणी बघितलीच नव्हती. सांध्यात वर असलेलं पातळ टोक कोणत्या दिशेला आहे याला महत्त्व आहे. ते फिरण्याच्या दिशेच्या मागे, म्हणजे शेपटीसारखं, राहायला हवं. पुढे आलं तर हत्यार दर फेऱ्याला त्या टोकाला सामोरं जातं आणि ते सोलत राहतं. आमचं चाक कधीतरी साफसफाईनंतर उलटं बसवलं गेलं होतं. या यंत्रात ते दोन्ही बाजूंनी बसतं. चाकाच्या आतल्या अंगाला मार्करने बाण काढून ठेवला. तेलाने चिकटद्रव्य सैल केलं हे खरं, पण टोक उचललं ते उलट्या दिशेने.

सांधा सुकल्यावर चाक पुन्हा बसवलं आणि सरळ लाकडाला १२० क्रमांकाचा सँडपेपर चिकटवून, टेकूवर भक्कम टेकवून, फिरत्या चाकाला अगदी हलकेच लावला. उंचवटे तेवढे जातील, बाकी नाही. डायल गेजचा काटा ०.४ वरून ०.१ च्या खाली आला. त्यापुढे गेलो नाही. सांध्याचं पातळ टोक अजून पातळ केलं तर पुन्हा सुटेल.

या सँडपेपरचं एक भय आहे आणि ते क्षुल्लक नाही. १२० क्रमांकाचे कण सव्वाशे मायक्रॉनच्या घरातले असतात, पेस्टच्या तीन मायक्रॉनच्या कणापेक्षा चाळीसपट मोठे. त्यातला एक जरी चामड्यात रुतून राहिला तर भिंगाखाली दिसलेले ते लांब ओरखडे परत हजर. म्हणून कडक केसांच्या ब्रशने चाक तीन-चार वेळा झटकलं, व्हॅक्यूम लावला, पुन्हा झटकलं. शेवटी चिकटपट्टी दाबून उचलली आणि तिच्यावर काही चमकतं का ते बघितलं. अतिरेक वाटेल, पण हा अतिरेक दहा मिनिटांचा आहे.

पुन्हा पेस्ट

इथे आम्ही सगळ्यांनी मिळून बाटलीकडे बघितलं. तेल लागणारच होतं. खरवडलेला मधला भाग खरोखर कोरडा होता. मधल्या पट्ट्यावर बोटाने सहा थेंब पसरले, फक्त मध्यावर, आणि रात्रभर मुरू दिले. सकाळी चामडं गडद दिसत होतं पण बोटाला तेल लागत नव्हतं. तीच खूण हवी होती. बोटाला लागलं असतं तर जास्त झालं असतं.

पेस्टची एक बारीक रेघ चाकाच्या परिघावर ओढली, टूथपेस्टची ओढतात तशी, पण निम्मीच. चाक हाताने फिरवत एका जुन्या पटाशीच्या पाठीने ती पसरवली, चामड्याचा पोत दिसत राहील इतकी पातळ. नंतर मोटर चालू करून तीच पाठ हलकेच टेकवली. मिनिटभरात पृष्ठभाग एकसारखा राखाडी झाला. मेणाच्या वडीची पेस्ट वापरणाऱ्यांना तेलाची गरज सहसा पडत नाही, मेणच कण धरून ठेवतं. आमच्याकडे दोन्ही प्रकार एकमेकांवर चढवले गेले होते, तेही पापुद्र्याचं एक कारण असावं. आता एकच.

पहिली पटाशी तशीच चाकावर चढवून चालणार नव्हतं. गोल झालेलं टोक चामड्याने परत सरळ होत नाही. त्यासाठी पुन्हा दगडच, आणि ती दुसरी लकाकी नाहीशी होईपर्यंत. रंध्याच्या एका पात्याचं टोक इतकं गोलावलं होतं की अर्धा तास दगडावर गेला. सगळी हत्यारं आधी दगडावर नीट केली आणि मगच चामड्यावर आणली.

२० मिमीची पटाशी सहा हलके हात देऊन लाकडावर ठेवली. धार फिरण्याच्या दिशेच्या मागे, म्हणजे चामडं धारेपासून दूर पळतंय अशी. उलटी धरली तर ती चामड्यातच घुसते, हे सांगायची गरज नसावी, पण चाकावर एक जुना चीर होता, तेव्हा कोणाला तरी होती. पाठ एकदाच, पूर्ण सपाट टेकवून, जेमतेम स्पर्श. पाठ जराशी उचलली तर तिकडूनही दुसरा उतार तयार होतो, आणि पटाशीची पाठ बिघडली की दुरुस्ती उतारापेक्षा कितीतरी कष्टाची.

उतार खाली धरून मूठ उचलत नेली. सत्ताविसाच्या आसपास चावली. पाइनच्या आडव्या छेदावर काप फिकट मधाच्या रंगाचा, ओलसर दिसावा तसा तुकतुकीत आला. एकही पांढरा ठिपका नाही. पोराने ढलपी उचलून उजेडात धरली. ती तुटली नव्हती, सलग होती, आणि तिच्यातून दिवा दिसत होता.

त्यानंतरचे काही महिने

बदल थोडेच केले. दगडावरून आलेलं हत्यार कापडाने कोरडं पुसल्याशिवाय चामड्याला लावायचं नाही, हा पहिला. कापड यंत्रालाच बांधून ठेवलंय, नाहीतर कोणी शोधत बसत नाही. दगडाचा पोत बदलायचा ठोकळा चालवताना चाकावर जुना डबा पालथा घालतो, पाण्याचे शिंतोडे उडतात म्हणून. हात सहा, जास्तीत जास्त आठ. एवढ्यात बर गेली नाही तर अडचण चामड्याची नाही, दगडावरचं काम अर्धवट राहिलंय.

हत्यारं चाकाच्या पूर्ण रुंदीवर सरकवत न्यायची सवय लावणं सगळ्यात अवघड गेलं. हात आपोआप मध्यावरच येतो. मी तिथे खडूने दोन रेघा ओढून ठेवायचो, पहिल्याच वापरात पुसल्या जायच्या, पण ओढताना आठवण व्हायची.

पृष्ठभाग काळा दिसणं वाईट नाही. काळेपणा म्हणजे कण काम करताहेत, पोलाद निघतंय. काळा आणि चमकदार झाला की मात्र स्क्रॅपर घ्यायचा, नुसता दोन मिनिटांसाठी, थर कोवळा असतानाच. त्यानंतर गरज वाटली तर पेस्ट. तेलाची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तीही बोट फिरवून चामडं खरंच कोरडं लागलं तरच. या काही महिन्यांत एकदाच लागलं, तीन थेंब. बाटली आता यंत्राशेजारी नाही, पलीकडच्या कपाटात आहे. उठून जावं लागतं म्हणून निम्म्या वेळा कोणी जातच नाही.

बाहेरच्या कडेची ती चार मिलिमीटरची पट्टी अजून मऊच आहे. खडूची पूड आणखी दोनदा लावून पाहिली, फारसा उपयोग झाला नाही. त्या कडेवर लाल मार्करने रेघ मारून ठेवलीय आणि सरळ पटाश्या तिथे न्यायच्या नाहीत असं ठरलंय. गोल पटाश्यांना मात्र ती पट्टी जमते. त्यांच्या बाहेरच्या वळणाला थोडं दबणारं चामडंच लागतं, आणि नक्षीकाम करणारा आता मुद्दाम तीच कड वापरतो. पट्टी बदलायची वेळ आली की त्याला ती जुनी पट्टी लाकडाच्या गोलाकार ठोकळ्यावर चिकटवून हवी आहे.

"टक्" आवाज मागच्या आठवड्यात पुन्हा आला, अगदी हलका. गेज लावलं, ०.१५ मिमी. सांधा सुटलेला नाही, बाण बरोबर दिशेला आहे. सध्या फक्त तारीख आणि आकडा चाकाच्या आतल्या अंगाला लिहून ठेवलाय.